रंग नंतर पाहा, आधी फाइल मागा

2014 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या स्कॉट्सडेल इथे ‘गुडिंग अँड कंपनी’च्या लिलावात मर्सिडीज-बेंझ 300 एसएल ‘गलविंग’ जातीच्या दोन गाड्या विक्रीला होत्या. एक पूर्ण रिस्टोर केलेली, रंगरूपाने कोरी करकरीत. दुसरी कधीच रिस्टोर न झालेली, रंग विटलेला, गाद्या वापराने थकलेल्या. सौदे पुरे झाले तेव्हा पहिलीला सुमारे 14 लाख डॉलर मिळाले होते आणि दुसरीला सुमारे 19 लाख. जिच्यासाठी कारागिरांची लांबलचक बिले भरली गेली ती मागे राहिली आणि जिच्यावर रंगाचा हातही फिरला नव्हता ती पाच लाख डॉलरांनी पुढे गेली.

या निकालाची चर्चा पुष्कळ झाली, धडा मात्र अर्धाच घेतला गेला. जुन्या स्पोर्ट्स कारच्या विक्रीच्या जाहिराती आजही त्याच सुरात लिहिल्या जातात. नट-बोल्ट सुटा करून केलेले रिस्टोरेशन, खर्चाकडे न पाहता केलेले काम, नवीपेक्षाही उत्तम अवस्था. सत्तर वर्षांपूर्वीची गाडी नवीपेक्षा उत्तम झाली असेल, तर ती सत्तर वर्षांपूर्वीची कितपत उरली, हे गिऱ्हाइकाच्या मनात येऊ नये अशीच ही मांडणी असते. ते मनात यायलाच हवे. रिस्टोर केलेल्या गाडीची किंमत त्या चकाकीखाली काय काय बदलले याच्या नोंदींवर ठरली पाहिजे. नोंदी नसतील तर गाडी कितीही देखणी असो, ती स्वस्तच गेली पाहिजे.

हे गलविंगच्याच उदाहरणावरून पाहिलेले बरे, कारण या गाडीत मूळ काय आणि नंतरचे काय, हा प्रश्न पावलोपावली उभा राहतो.

युद्धानंतर सावरणाऱ्या मर्सिडीजने 1952 मध्ये डब्ल्यू 194 ही शर्यतीची गाडी तयार केली. नवे इंजिन बनवण्याइतकी ऐपत नव्हती, म्हणून कंपनीच्या मोठ्या 300 सलूनचे सहा सिलिंडरचे इंजिन घेतले आणि वजन वाचवण्यासाठी सांगाडा बारीक पोलादी नळ्यांचा केला. नळ्यांच्या त्रिकोणी जाळ्याला ताकद यायची तर बाजूने उंची हवी. मग नेहमीसारखे दार बसवायला जागाच उरली नाही आणि दार छताला बिजागरी लावून वर उघडणारे करावे लागले. पंख पसरलेल्या समुद्रपक्ष्यासारखी दिसणारी, पुढे जगभर मिरवलेली ती दारे मुळात अशी नाइलाजाने आलेली आहेत. त्याच वर्षी हेर्मान लांग आणि फ्रिट्झ रीस यांनी या गाडीतून ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. मेक्सिकोतल्या कारेरा पानामेरिकाना शर्यतीत तर एक गिधाड समोरची काच फोडून आत आले आणि कार्ल क्लिंगचा सहचालक हान्स क्लेंक रक्तबंबाळ झाला. गाडी थांबली नाही. काचेपुढे गज बसवून पुढचे टप्पे पार केले आणि तीही शर्यत जिंकली.

रस्त्यावरची गाडी आली ती न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहामुळे. अमेरिकेतल्या श्रीमंतांना ही गाडी विकता येईल, हे त्यांनी स्टुटगार्टच्या साहेबांना पटवले आणि 1954 च्या फेब्रुवारीत तिचे पहिले प्रदर्शन जर्मनीत न होता न्यूयॉर्कमध्ये झाले. 1957 पर्यंत अशा 1,400 गाड्या बनल्या. नंतर नेहमीची दारे असलेली उघडी रोडस्टर आली, ती 1963 पर्यंत 1,858. चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात थेट इंधन फवारणारी बॉशची यंत्रणा विक्रीच्या मोटारीत पहिल्यांदा आली ती गलविंगमध्येच. मागचा आस कोणता बसवला आहे त्यानुसार वेग ताशी 260 किलोमीटरपर्यंत जाई. त्या काळात एवढे धावणारी दुसरी गाडी दुकानात मिळत नव्हती.

दोषही भरपूर होते. उंबरठा इतका उंच की आत शिरण्यासाठी स्टिअरिंगचे चाक खाली मुडपावे लागे. खिडक्यांच्या काचा खाली जात नसत, त्यामुळे उन्हाळ्यात आत भट्टी. मागची चाके ज्या पद्धतीने जोडली होती त्यामुळे वळणावर अचानक पाय उचलला तर शेपूट बाजूला जाई. इंजिन बंद केल्यावरही ते पूर्ण थांबेपर्यंत पंप इंधन फवारत राही, ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे वंगण धुऊन तेलात उतरे आणि म्हणून तेल वरचेवर बदलावे लागे. या साऱ्या खोडींसह ती गाडी म्हणजे गलविंग.

आता हीच गाडी रिस्टोरेशनच्या गॅरेजमध्ये जाते तेव्हा काय होते ते पाहू. कारखान्यातून निघालेल्या बऱ्याच गलविंग चंदेरी करड्या रंगाच्या होत्या आणि आत चौकड्यांचे कापड असे, कातडे हवे तर जादा पैसे. पण लिलावाच्या मांडवात लाल किंवा काळी गाडी आणि आत मऊ लाल कातडे असले की गिऱ्हाईक थबकते, म्हणून कित्येक गाड्यांचा जन्मरंग बदलला गेला. अलीकडे चौकड्यांच्या कापडाची फॅशन परतली, तेव्हा कातडे काढून नव्याने विणलेले कापड बसवणेही सुरू झाले. इंजिनखाली हवेला वाट देणारे पत्रे दुरुस्तीच्या वेळी अडचण करतात, म्हणून मेकॅनिकांनी साठ-सत्तरच्या दशकांत ते काढून टाकले होते. आज ते नवे घडवून लावतात. कारखान्यातल्या कारागिराने पत्र्याच्या कडेला दिलेले वेल्डिंगचे ठिपके थोडे वाकडेतिकडे असत. गॅरेजात ते घासून सपाट होतात आणि जाणकार नेमके तेच ठिपके बॅटरी घेऊन शोधत असतो. मर्सिडीजच्या क्लासिक विभागाने तर 300 एसएलचे बाहेरचे पत्रेही पुन्हा बनवून विकायला ठेवले आहेत. त्यात गैर काही नाही, कुजलेल्या पत्र्याला दुसरा उपाय नसतो. पण पत्रा 1955 चा की परवाचा, हे रंगाखाली कळत नाही. कळते ते बिलावरून.

कारखान्यापेक्षा चांगले काम करण्याची ही हौस आली कुठून? बरीचशी प्रदर्शनांतून. कॅलिफोर्नियातले पेबल बीचचे प्रदर्शन या जगातले काशीक्षेत्र. 1950 मध्ये ते सुरू झाले तेव्हा पहिले बक्षीस नव्या गाड्यांना मिळत असे. 1955 मध्ये फिल हिल यांनी 1931 ची पिअर्स-ॲरो गाडी नीट करून आणली आणि बक्षीस पटकावले. हेच हिल पुढे 1961 मध्ये फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले आणि उत्तरायुष्यात भागीदारीत रिस्टोरेशनचे गॅरेजही चालवत. त्या विजयानंतर जुनी गाडी नवी करून आणायची चढाओढ लागली. परीक्षक गाडीभोवती फिरत कुठे ओरखडा आहे, कुठे फट असमान आहे ते हेरत, आणि मालक पुढच्या वर्षी त्याहून तुकतुकीत गाडी आणत. या शर्यतीत गाडी बिनचूक होत गेली आणि तिच्या अंगावरच्या खुणा पुसत गेल्या.

महाराष्ट्रात हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. यादवकालीन दगडी देवळांवर गावकऱ्यांनी भक्तिभावाने फासलेले ऑइलपेंट ज्यांनी पाहिले आहे, त्यांना रिस्टोरेशनच्या नावाखाली काय होऊ शकते ते कळते.

पेबल बीचलाही हे कळले, पण बराच वेळ लागला. न बदललेल्या, जपलेल्या गाड्यांसाठी तिथे वेगळे वर्ग आले, तरी मुख्य बक्षीस चकचकीत गाड्यांकडेच जात राहिले. अखेर 2024 च्या ऑगस्टमध्ये 1934 ची बुगाटी टाइप 59 जिंकली. कधीकाळी बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे असलेली ही गाडी रिस्टोर न केलेली, काळा रंग जागोजागी उडालेला, कातडे तडकलेले. जपणुकीच्या वर्गातल्या गाडीला तिथले सर्वोच्च बक्षीस मिळण्याची ही पहिलीच वेळ. फिल हिल यांच्या पिअर्स-ॲरोनंतर एकोणसत्तर वर्षांनी काटा उलटा फिरला.

काटा फिरला हे चांगले झाले, पण बाजाराला मधेच थांबणे माहीत नाही. आता गंजाचीही आरास होऊ लागली आहे. 2014 मध्ये पश्चिम फ्रान्समध्ये बायों कुटुंबाच्या शेतावर, पडक्या शेडांतून दशकानुदशके पडून असलेल्या गाड्या सापडल्या. त्यात एकेकाळी नट ॲलन दलों यांच्याकडे असलेली फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती, मासिकांच्या ढिगाऱ्याखाली. 2015 च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या लिलावात ती 1 कोटी 63 लाख युरोंना गेली आणि धूळ झटकू नये याची काळजी विक्रेत्यांनीच घेतली होती. त्याहून पुढचा प्रकार 2023 च्या ऑगस्टमधला. माँटेरेच्या आरएम सदबीज लिलावात 1954 ची फेरारी 500 माँडियाल विकली गेली. गाडी म्हणायचे ते परंपरेने. साठच्या दशकात ती आपटून जळाली होती आणि विक्रीला आला तो चुरगळलेल्या, काळवंडलेल्या पत्र्यांचा लगदा. त्याला 18 लाख 75 हजार डॉलर मिळाले. एवढ्या पैशांत काय आले, तर चॅसिस क्रमांक, मूळ भागांतले थोडे काही आणि 1954 ची मिल्ले मिलिया शर्यत धावल्याचा इतिहास. त्याभोवती नवी गाडी उभारली की ती ‘तीच’ गाडी म्हणून रस्त्यावर येऊ शकते.

इथे गंजाच्या भक्तांशी वाद घालावासा वाटतो. जिला हातच लावायचा नाही अशी स्पोर्ट्स कार म्हणजे दिवाणखान्यातले शिल्प. गलविंगचे इंजिन न उघडता, ब्रेकची रबरे न बदलता, इंधनाच्या टाकीतला गंज न काढता ती चालवणे म्हणजे तिचा आणि चालवणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे. शिवाय ही गाडी ज्या इंजिनिअरांनी घडवली त्यांनी ती धावण्यासाठी घडवली, मखमली दोरीमागे उभी करण्यासाठी नव्हे. झिजले ते बदलावेच लागते. मूळ रंग पुरता गेला असेल तर नवा द्यावाच लागतो. रिस्टोरेशन हा गुन्हा नाही आणि ते चांगल्या हाताने झाले तर त्यासारखी कारागिरी नाही. लाकडी ठोकळ्यावर हातोडीने ॲल्युमिनियमचा पत्रा वळवत फेरारीचा मडगार्ड उभा करणारा माणूस आज शोधून सापडत नाही, त्याची मजुरी कितीही असो ती रास्त आहे. आक्षेप आहे तो काम झाल्यावर पाळल्या जाणाऱ्या मौनावर.

मौन का खुपते, हे इंग्लंडमधल्या एका खटल्याने चांगले दाखवले. बेंटली कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ ही स्पीड सिक्स गाडी 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल मां जिंकलेली. नंतर तिच्यात इतके फेरफार झाले की मोजता मोजता थकावे. चॅसिस बदलली, इंजिन बदलले, 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या धावपट्टीच्या कडेवरून खाली जाऊन तिचा चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला, मग तिला निराळाच बंद साज चढवला, पुढे पुन्हा शर्यतीचे रूप दिले. 1990 मध्ये तिचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि खरेदीदाराने मागे पाऊल घेतले. ही ती गाडीच नाही, असे त्याचे म्हणणे. न्यायमूर्ती ऑटन यांनी तपशील तपासला. 1929 च्या गाडीतले फारसे काही उरलेले नाही, हे त्यांनी मान्य केले. तिला मूळ अवस्थेतली म्हणता येणार नाही, असेही म्हटले. तरीही ती ओल्ड नंबर वनच आहे, असा निवाडा दिला. कारण ती कधी नाहीशी झाली नाही, तिच्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी कधी उभी राहिली नाही आणि एका फेरफारापासून दुसऱ्यापर्यंतचा धागा कुठे तुटला नाही.

या निवाड्याचा अर्थ नीट पाहावा. पत्रे गेले, लोखंड गेले, पण गाडी टिकली ती सलग इतिहासामुळे. आणि तो सलग आहे हे सिद्ध झाले ते कागद, छायाचित्रे आणि साक्षी यांच्या आधाराने. नोंदी नसत्या तर एक कोटी पौंडांची गाडी जुन्या बेंटलीच्या सुट्या भागांचा जमाव ठरली असती.

हाच धागा तुटला किंवा मुद्दाम तोडला की लबाडीला वाव मिळतो. गलविंगच्या 1,400 पैकी फक्त 29 गाड्यांचे अंग पूर्ण ॲल्युमिनियमचे होते. त्यांतली एक 2022 च्या जानेवारीत 68 लाख डॉलरांना गेली, म्हणजे पोलादी गलविंगच्या कितीतरी पट. एवढा फरक असला की पोलादी गाडीला ॲल्युमिनियमचा पत्रा चढवण्याचा मोह कुणाला होणार नाही असे मानणे भाबडेपणाचे आहे. पण कारखान्याने ॲल्युमिनियमच्या गाडीचा क्रमांक 198.043 ने सुरू केला आणि पोलादी गाडीचा 198.040 ने. चॅसिस, इंजिन, गिअरबॉक्स, आस यांचे क्रमांक कारखान्याच्या डेटा कार्डावर नोंदलेले असतात आणि त्यांचा मेळ बसला की ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणून भाव चढतो. फेरारीचा क्लासिके विभाग प्रमाणपत्रासह लाल पुस्तिका देतो, जॅग्वारकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळते. हे कागद हवेतच. मात्र जॅग्वारच्या सर्टिफिकेटसारखा कागद गाडी कारखान्यातून कशी निघाली तेवढे सांगतो. मधल्या सत्तर वर्षांत ती कुठल्या झाडावर आदळली, कुणी तिचे इंजिन उतरवले, कुठल्या गॅरेजात तिचा अर्धा पत्रा बदलला, हे तो सांगत नाही. ते सांगायचे काम विकणाऱ्याचे.

विकणारा ते नेहमी सांगतोच असे नाही आणि लिलावाची रीतही त्याला साथ देते. गाडी ‘आहे तशी’ विकली जाते, म्हणजे नंतर तक्रारीला जागा फार थोडी. पाहणीचे दिवस मोजके. कॅटलॉगमधले लेखन गोड, छायाचित्रे संध्याकाळच्या सोनेरी उजेडातली. हातोडा पडला की बोलीवर आणखी दहा-बारा टक्के खरेदीदाराचे शुल्क चढते. 2022 च्या मे महिन्यात स्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात 300 एसएलआर उलेनहाउट कूपे 13 कोटी 50 लाख युरोंना विकली गेली, तेव्हापासून तर ‘गाडी म्हणजे गुंतवणूक’ हा मंत्र जोरात आहे. त्या गाडीचे उदाहरण इतरांना लावणे चुकीचे. अशा दोनच गाड्या जगात बनल्या आणि दोन्ही तोवर कंपनीच्याच ताब्यात होत्या, त्यामुळे इतिहासाच्या धाग्याचा प्रश्नच नव्हता. साध्या विक्रेत्याची साधी गाडी त्या पंगतीला बसत नाही.

लपवाछपवी टाळूनही नवे काम कसे विकता येते, ते जॅग्वारने दाखवले. 1957 च्या फेब्रुवारीत ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली आणि विक्रीला निघालेल्या नऊ एक्सकेएसएस गाड्या जळून गेल्या. 2016 मध्ये कंपनीने त्या नऊ गाड्या नव्याने बनवायची घोषणा केली, किंमत दहा लाख पौंडांहून अधिक. त्याआधी 1963 च्या हलक्या ई-टाइपचे ठरलेल्या 18 पैकी न बनलेले सहा क्रमांकही असेच पूर्ण केले होते. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली. पण या गाड्या नव्या आहेत हे कंपनी उघड सांगते, कुणी त्यांना 1957 च्या म्हणून विकत नाही. उलट ‘नवीपेक्षा उत्तम’ म्हणून विकली जाणारी अर्धी मूळ, अर्धी नवी गाडी जास्त संशयास्पद ठरते.

जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिवाने, 2012-13 च्या सुमारास तुरिनची सनद स्वीकारली. जपणूक, संवर्धन आणि रिस्टोरेशन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, कमीत कमी बदल करावा, जे बदलले त्याची नोंद ठेवावी आणि नव्या भागांवर ओळखीची खूण करावी, असा तिचा आशय आहे. सनद कायदा नाही, ती पाळायची की नाही हे मालकावर. लिलाव संस्थांनी मनावर घेतले तर एका हंगामात चित्र बदलेल. बदललेल्या भागांची यादी जोडल्याशिवाय ‘रिस्टोर केलेली’ हे विशेषण कॅटलॉगमध्ये छापायचेच नाही, एवढा नियम पुरे.

हे सारे परदेशी शौकिनांचे प्रकरण म्हणून सोडून देता येणार नाही. 2025 पर्यंत भारतात 1950 पूर्वीच्या गाड्याच जुन्या मोटारींच्या सवलतीत आयात करता येत होत्या. 2025 च्या सुरुवातीला केंद्राने ती अट बदलून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वाट मोकळी केली. गलविंग, ई-टाइप, सुरुवातीच्या पोर्श 911 या साऱ्या त्यात बसतात. आयातशुल्क जबर आहे, तेव्हा गर्दी होणार नाही, पण मुंबई-पुण्यातल्या काही हौशी मंडळींचे डोळे लिलावांच्या कॅटलॉगवर खिळले असणार. पुण्याजवळ चाकणला आज मर्सिडीज बनतात म्हणून 1955 च्या इंधन पंपाचे काम इथे कुणी सहज करून देईल असे नाही. म्हणजे गाडी बाहेरून ‘तयार’ आणण्याकडेच ओढा राहील आणि तयार गाडीत फसण्याची शक्यता सर्वांत जास्त.

आपल्याकडचा कायदाही या बाबतीत गमतीचा आहे. 2021 मध्ये केंद्राने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरपाटी, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये शुल्क, रोजच्या वापराला मनाई, प्रदर्शन आणि रॅली चालते. आणि अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी, तिच्यात मोठे फेरबदल झालेले नसावेत. परदेशातून नखशिखान्त बदलून आलेली गाडी या अटीत कशी बसवणार आणि आरटीओतला निरीक्षक ते कशावरून ठरवणार? पुन्हा उत्तर तेच, नोंदींवरून.

इथल्या गाड्यांची कथा वेगळी आणि जास्त हळवी. आयातबंदीच्या दशकांत सुटे भाग मिळेनात, तेव्हा आपल्या मेकॅनिकांनी मोठमोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिने बसवली, गिअरबॉक्स दुसऱ्याच गाडीचे लावले, चोर बाजारात मिळेल ते जुळवले. गाडी चालू राहिली, हे त्यांचे उपकारच. पण आता त्याच गाड्या ‘मूळ अवस्थेत’ आणण्याची घाई सुरू आहे आणि ती करताना डेंटर-पेंटरच्या हाती गाडी देऊन मालक मोकळा होतो. काय होते, काय काढले, काय बसवले याचा कागद कुणाकडेच नसतो. उद्या ती गाडी विकायला काढली की नवा मालक रंगाकडे पाहून भाव करणार आणि पुढच्या पिढीला ती कोणती गाडी होती हेच कळणार नाही.

म्हणून गाडी घेणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. गॅरेजातले दिवे लागण्याआधी, बॉनेट उघडण्याआधी फाइल मागा. रंग काढल्यावरच्या उघड्या पत्र्याची छायाचित्रे, बदललेल्या भागांची बिले, मालकांची सलग यादी आणि इंजिन-चॅसिसचे क्रमांक त्यात नसतील तर जाहिरातीतल्या विशेषणांचे पैसे देऊ नका. आणि ज्यांच्या घरी आजोबांची गाडी शेडमध्ये उभी आहे त्यांनी ती गॅरेजला पाठवण्याआधी सगळीकडून छायाचित्रे काढावीत, जुन्या आरसी बुकापासून पेट्रोलच्या पावत्यांपर्यंत सगळे एका पेटीत ठेवावे आणि काढलेला एकही मूळ भाग भंगारवाल्याला देऊ नये.